तगरची वाट आणि दशमीची शिदोरी



आपल्या व्यापारी कुटुंबांत अलीकडे परदेश-सहलींचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे. कंबोडियातील अंकोरवाट पाहून आलेली मंडळीही आता आपल्यात आहेत. सोबत स्वयंपाकी महाराज, सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळाविना भाजी अशी व्यवस्था असते, आणि ती असलीच पाहिजे. कारण ख्मेर स्वयंपाकाची चव प्रहोक नावाच्या आंबवलेल्या मासळीवर उभी आहे. म्हणजे तेथील वारसा आपण केवळ डोळ्यांनी पाहतो, जिभेला तो वर्ज्यच राहतो. दोहोंनी अनुभवता येईल असा वारसा आपल्या धाराशिव जिल्ह्यात आहे. पण तो सवडीने पाहिलेली घरे मला फार थोडी आढळली.

तेर हे आज तेरणाकाठचे एक गाव, संत गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांना ठाऊक. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापार-पुस्तिकेत याच गावाचा ‘तगर’ म्हणून उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. येथून साधे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोच बंदरास जाई. आयुष्य बँकेत गेल्यामुळे माझे मन आधी हिशेबाकडे वळते. एका खेपेस तीस दिवस, परतीचे तीस. दोन महिने भांडवल अडकलेले. उधारी कोणाच्या शब्दावर चालत असेल? पुस्तिका त्याबद्दल मौन पाळते. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली. तगरचा संबंध किती दूरवर पोहोचला होता, ते त्या दोन मूर्तींवरून उमगते.

धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत लेणी आहेत. काही अभ्यासक त्यांतील मुख्य लेणे मूळचे बौद्ध मानतात. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात मात्र राजा करकंड तेरपुरास येतो, डोंगरातील गुंफेत पार्श्वनाथांचे दर्शन घेतो आणि सिंहासनावरील एक गाठ फोडताच पाण्याचा लोट उसळतो, अशी कथा आहे. डॉ. हीरालाल जैन यांनी हे काव्य संपादित केले. ते एकदा चाळून लेण्यांकडे जावे. दगड वेगळा दिसू लागतो.

आता शिदोरीविषयी. तगरच्या गाडीवानांनी काय खाल्ले याची नोंद नाही. पण मराठवाड्यातील जुन्या घरांची प्रवासाची भाकरी म्हणजे दशमी. ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचे, म्हणजे ती मऊ राहते. सोबत लसणाविना शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मर्यादा पाळणाऱ्यांनी ती पहाटे करून त्याच दिवशी संपवावी. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ होते. त्यासाठी पीठ घरीच, बेताने दळले जाई. आता मोटारीत खाकऱ्याची पुडी येते आणि पीठ कधीचे हे कोणी विचारीत नाही. मला ही हानी लेण्यांच्या पडझडीहून कमी वाटत नाही.

कुंथलगिरी त्याच दिवसात कोंबू नये. भूम तालुक्यातील हे सिद्धक्षेत्र कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी होय. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये येथेच सल्लेखना घेतली. या पट्ट्यात पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची, त्यामुळे दुभत्याचा आधार मोठा. दूध नासते, आटवलेला खवा त्याहून अधिक टिकतो आणि दूरच्या बाजारास पोहोचतो. या साध्या हिशेबावर गावोगावी खव्याच्या भट्ट्या पेटल्या. कुंथलगिरीचा पेढा आपण डब्यातून आणतो, पण मुलांना एखादी भट्टीही दाखवावी. कढईपाशी उभे राहून किती दुधाचा किती खवा होतो, हे भट्टीवाल्यास विचारावे. व्यापाऱ्याच्या मुलाला तो प्रश्न आपोआप सुचेल.

पहाटे दशमी बांधून निघाल्यास सकाळी लेणी, दुपारी तेर आणि सूर्यास्तापूर्वी भोजन सहज होते. तेरला महावीर भगवंतांचे मंदिर आहे, दर्शन चुकवू नये. संग्रहालयाच्या सुटीची चौकशी आधी करावी. ज्या घरी दशमीची जुनी रीत अजून पाळली जाते, त्यांनी ती प्रमाणासह या सदराकडे लिहून पाठवावी. पुढील अंकात देऊ.