आकडा ओल्या पालकाचा की वाळलेल्या?

भाजीत शिसे, माशात पारा, तांदळात आर्सेनिक सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. एक आकडा छापून येतो, घबराट पसरते आणि आठवडाभरात सगळे विसरतात. नमुना यंत्रात जाण्याआधी त्याचे काय केले, हे मात्र कोणी विचारत नाही. आकड्याचा खरेपणा तिथेच ठरतो.

अशा तपासणीसाठी प्रगत प्रयोगशाळा प्लाझ्मा वर्णपटमापन वापरतात. आरगॉन वायूचा प्लाझ्मा हजारो अंश तापलेला असतो. त्यात फवारलेल्या द्रावणातील अणू सुटे होतात आणि अब्ज भागांतला एखादा भागही मोजता येतो. पण पालकाची जुडी थेट प्लाझ्मात घालता येत नाही. ती आधी वाळवून, दळून नायट्रिक आम्लात विरघळवावी लागते. साध्या ओव्हनमध्ये सुमारे १०५ अंशांना वाळवण्यात कित्येक तास जातात. मायक्रोवेव्ह लहरी नमुन्यातल्या पाण्यालाच तापवतात, त्यामुळे हे काम मिनिटांत होते. नमुन्यांचा ढीग साचलेल्या प्रयोगशाळेला ही मोठीच सोय आहे.

पण मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापवत नाही. कालची भाजी गरम करताना कडेला चटका आणि मध्ये गारठा, हा अनुभव घरोघरी आहे. प्रयोगशाळेत नमुना एखाद्या जागी करपला, तर पाऱ्यासारखे मूलद्रव्य वाफ होऊन निसटते. मग माशातला पारा कमी भरतो आणि गर्भवतीला नको तो मासा निर्धोक ठरतो.

उलटी गफलतही होते. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. वाळलेल्या पुडीत किलोमागे २ मिलिग्रॅम शिसे निघाले, तर ताज्या भाजीत ते ०.२ मिलिग्रॅमच्या आतच भरते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची पालेभाज्यांसाठीची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे वजन ओले की सुके, हे न सांगता छापलेला आकडा निर्दोष भाजीवाल्याला गुन्हेगार ठरवू शकतो.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. २०१५ च्या जूनमध्ये शिशाच्या कारणावरून मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला. आधीच्या प्रयोगशाळांच्या मान्यतेवरच प्रश्न उभा राहिला होता. खरा धोका असता, तरी तो अशा त्रुटीमुळे न्यायालयात टिकला नसता.

शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषले जाते, आणि मेंदूची हानी भरून येत नाही. म्हणून तपासणी वाढायलाच हवी. पण सरकारने कोट्यवधींचे यंत्र घेताना नमुना वाळवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, शुद्ध आम्ल आणि प्रमाणित संदर्भ-नमुने यांचीही तरतूद केली पाहिजे. प्रत्येक अहवालावर तीन गोष्टी बंधनकारक असाव्यात: वजन ओले की सुके, वाळवण्याची पद्धत व तापमान, आणि सोबत तपासलेल्या संदर्भ-नमुन्याचा निकाल. या तीन ओळी नसलेल्या अहवालावर कोणाला दोषी धरू नये आणि कोणाला निर्दोषही ठरवू नये.