आनंदाचा ताळेबंद

आष्टीच्या बाजारपेठेत दुकानाचे दार सकाळी उघडते, ते रात्री गल्ल्याची मोजणी झाल्यावरच मिटते. सूर्यास्तापूर्वीचे जेवणही पुष्कळदा घरून आलेल्या डब्यात, गादीवरच उरकले जाते. मुलांना वडील दिसतात ते वहीच्या आडून. अशा घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीतील मुंबईचा एखादा दिवस वर्षभर पुरवून आठवला जाई. 1989 नंतर वाढलेल्या पिढीसाठी त्या दिवसाचे नाव बहुधा ‘एस्सेल वर्ल्ड’ असे.

या उद्यानाची कथा व्यापारी घरातूनच सुरू होते. हरियाणातील हिसारच्या धान्यव्यापारी कुटुंबातील सुभाष चंद्र यांनी धान्यापाठोपाठ टूथपेस्टच्या लॅमिनेटेड नळ्यांचा उद्योग उभारला आणि 1989 मध्ये मुंबईजवळ गोराई येथे एस्सेल वर्ल्ड सुरू केले. दिल्लीत 1984 मध्ये ‘अप्पू घर’ उघडले होते. तरीही करमणुकीसाठी एवढे भांडवल गुंतविणे हे तेव्हा धाडसच होते. गव्हाचे पोते विकले नाही तर कोठारात राहते. पाळण्यातील रिकामी जागा मात्र दिवस मावळताच कायमची वाया जाते.

मार्वे किंवा बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसून खाडी ओलांडली की उद्यान येई. ‘झिपर डिपर’, ‘हूला लूप’ यांसारखे उलटेपालटे फिरविणारे खेळ तेथे होते आणि पायांखाली खराखुरा बर्फ असलेले स्केटिंगचे अंगणही होते. 1998 मध्ये शेजारीच ‘वॉटर किंगडम’ सुरू झाले. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांना यंत्राने उसळणाऱ्या लाटा म्हणजे आश्चर्यच. त्या लाटांत भिजून परतलेले मूल घरचा नळ घट्ट बंद करायला शिकले, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे.

याच परिसरात 2009 मध्ये विश्व विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. त्यासाठीची जमीन सुभाष चंद्र यांनी दान दिली, तर त्यामागील प्रेरणा होती ब्रह्मदेशातील मंडाले येथे मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या सत्यनारायण गोयंका यांची. आत एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली सुमारे 8,000 साधक एकत्र बसू शकतात. एका बाजूला मुलांच्या किंकाळ्या, दुसऱ्या बाजूला मौन. मनाला विसावा हवा, हे दोन्हीकडे सारखेच. मार्ग तेवढे निराळे.

कोरोनाच्या काळात देशभरातील करमणूक उद्याने बंद राहिली. तिकीट थांबले तरी यंत्रांची देखभाल, पगार आणि व्याज थांबत नाही. 2022 मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाले आणि अनेक घरांतील जुन्या छायाचित्रांना एकाएकी निराळे मोल आले.

त्याच वर्षी या व्यवसायात आणखी एक घडामोड झाली. खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनी 2013 मध्ये सुरू केलेले ‘इमॅजिका’ कर्जाच्या ओझ्याखाली आले होते. 2022 मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. शिर्डी आणि लोणावळा येथे जलोद्याने चालविणारा हा समूह आष्टीच्या शेजारच्या जिल्ह्यातला. इमॅजिकातील ‘नायट्रो’ हा झुला सुमारे 40 मीटर उंचीवरून झेपावतो, तेव्हा पोटात गोळा येतो. व्यापाऱ्याला मात्र त्याहून मोठा गोळा व्याजाचा आकडा पाहून येतो. एका घराने पाहिलेले स्वप्न दुसऱ्या घराला हिशेब बसवून सांभाळावे लागते. यात पहिल्याचा कमीपणा नाही; पण स्वप्न किती उसनवारीवर उभे करावे, हा प्रश्न प्रत्येक पेढीने स्वतःला विचारावा असा आहे.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील ‘तिवोली’ उद्यान 1843 पासून आजही चालू आहे. आपले उद्यान कधीच पूर्ण होणार नाही, अशी त्याचे संस्थापक गेओर्ग कारस्टेन्सन यांची धारणा होती. टिकण्याचे मर्म त्यातच आहे. रोज सकाळी दार उघडण्यापूर्वी प्रत्येक पाळण्याचा पट्टा, खिळा आणि ब्रेक तपासावा लागतो. जुने दुरुस्त करावे लागते, नवे आणावे लागते. एकदा उभारून निश्चिंत झालेले उद्यान गंजू लागते.

घराचेही तसेच आहे. दहा वर्षांपूर्वीच्या एका सहलीवर मुलांशी असलेले नाते चालत नाही. ते अधूनमधून तपासावे लागते, त्यात नवा दिवस घालावा लागतो. दुकान एक दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येते. मुलाचे आठवे वर्ष परत येत नाही.

योगायोग असा की, 2022 च्याच 23 सप्टेंबरला आष्टीहून नगरला जाणारी रेल्वे सुरू झाली. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या गाडीची वाट पाहिली, तेथून 66 किलोमीटरचा हा मार्ग खुला झाला. मुलांना घेऊन त्या गाडीत बसायला मोठ्या उद्यानाचे निमित्त लागत नाही. डब्यात खाकरा आणि चटणी असावी, खिडकीची जागा मुलांना द्यावी आणि वडिलांचा फोन पिशवीत राहावा.

दिवाळीला वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिण्याची रीत आहे. लाभाचा हिशेब मुनीम ठेवतो. शुभाचा हिशेब घरातली मुले ठेवतात, आणि त्यांच्या वहीत वडिलांनी दिलेला पूर्ण दिवसच तेवढा जमेच्या बाजूला लिहिला जातो.