घाटकोपरचा जिना आणि सकाळची गोळी

भिवंडीहून ठाणे, तेथून लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रोने अंधेरी: तपासणीसाठी आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ असा प्रवास करतात. २०१४ पासून मेट्रोमुळे वाट सोपी झाली, तरी घाटकोपरचे जिने आणि लोंढे कसोटी पाहतात.

वाटेत लघवी लागेल या धास्तीने कित्येक जण पाणी पीत नाहीत, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळीही परस्पर टाळतात. पाण्याअभावी जिन्यावर चक्कर येते. गोळी चुकल्याने रक्तदाब चढतो. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपाशी निघू नये. साखर जवळ ठेवावी.

सोबत्यांनी लोंढा ओसरू द्यावा, लिफ्ट शोधावी. चक्कर आल्यास रुग्णाला तेथेच बसवून १३९ वर मदत मागावी. एक गाडी चुकलेली चालते. खुब्याचे हाड मोडलेले चालत नाही.