पत्रकावरचा कोन आणि गुडघ्यातला ताण

आमच्या सोसायटीतल्या काकू गुडघ्यांनी बेजार आहेत. पाय धनुष्यासारखे बाहेर बाकलेत, जिना उतरताना एक हात कठड्यावर आणि तोंडात देवाचं नाव. परवा एका हॉस्पिटलचं गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचं पत्रक घेऊन आल्या. "हे कॉम्प्युटरवालं करू, का साधंच?" पत्रकात 'अचूक' हा शब्द चार वेळा होता.

कॉम्प्युटर गुडघा बदलत नाही, तो फक्त मापं दाखवतो. मांडीच्या हाडात आणि नडगीत पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा त्या खुणांवर नजर ठेवतो. सर्जन पाय खुब्यातून गोल फिरवतो, त्यावरून यंत्र खुब्याचा मध्य काढतं. घोट्याच्या दोन्ही बाजू टोकदार दांडीने दाखवल्या की खुबा, गुडघा आणि घोटा यांना जोडणारी रेषा पडद्यावर येते. हाड कुठल्या कोनात कापायचं, ते मग अंशांत दिसतं. यालाच नेव्हिगेशन म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला जानेवारी १९९७ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया झाली. म्हणजे पत्रकातलं 'अत्याधुनिक' पाव शतक जुनं आहे!

काकूंच्या गुडघ्याची खरी गोम मात्र लिगामेंटमध्ये आहे. वर्षानुवर्षं बाकलेल्या पायात आतल्या बाजूची लिगामेंट आखडतात, बाहेरची सैलावतात. बाजेची नवार एकीकडे ताठ आणि दुसरीकडे ढिली असेल, तर लाकडी चौकट कितीही काटकोनात असो, झोपणारा एका अंगाला घरंगळणारच. म्हणून सर्जन आधी हाडाच्या कडेला वाढलेले काटे काढतो. कित्येकदा एवढ्यानेच बरंचसं मोकळं होतं. नाही झालं, तर आतली बाजू जराजराशी सोडवायची, पाय सरळ करून दोन हाडांमधली फट बघायची, काटकोनात वाकवून पुन्हा बघायची. दोन्ही वेळा फट चौकोनी आणि सारखी हवी. पडद्यावर ती मिलिमीटरमध्ये दिसते, ही मदत मोठीच. पण आणखी सोडवायचं की इथे थांबायचं, हे सर्जनलाच ठरवावं लागतं. जास्त सोडवलेलं सहज परत आवळता येत नाही.

मग यंत्र फुकट का? मुळीच नाही. नेव्हिगेशनमुळे सरळ रेषेपासून तीन अंशांपेक्षा जास्त चुकलेले पाय कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत ६५ वर्षांखालच्या रुग्णांना गुडघा पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाणही कमी आढळलं. जुन्या फ्रॅक्चरने मांडीचं हाड वाकलंय किंवा आत सळई आहे, तिथे नेहमीची मार्गदर्शक दांडी हाडात घालता येत नाही. अशा वेळी मी नेव्हिगेशनच सुचवीन. एरवी दुखणं आणि चालणं यांत ठळक, सातत्याचा फरक हाती लागलेला नाही.

आता पैशांचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये, वर जीएसटी. मर्यादा बसवायच्या भागांवर होती. कॅमेऱ्याचं भाडं त्यात नव्हतं. बिलातली ती ओळ वेगळी मागून वाचावी.

काकूंना पत्रकाच्या पाठीमागे तीन प्रश्न लिहून दिलेत. तुम्ही स्वतः वर्षाला किती गुडघे बदलता? माझी आतली बाजू कशी सोडवणार? यंत्राचे वेगळे किती? सोमवारी त्यांची अपॉइंटमेंट आहे.