‘असन बा’ : नकाराची आपली रीत

परकीय भाषेच्या वर्गात पहिल्या काही महिन्यांतच एक पाठ हमखास येतो : सहमती आणि असहमती कशी व्यक्त करावी. स्पॅनिश शिकणाऱ्याला ‘क्लारो’ म्हणजे ‘अर्थातच’ आणि ‘के बा’ म्हणजे ‘छे, मुळीच नाही’ हे लवकर कळते. (‘के बा’ ऐकून वऱ्हाडी कानाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटावे!) पुढे त्याला हेही शिकवतात की ‘मला वाटते’ असे म्हटल्यावर येणारे क्रियापद एका रूपात असते आणि ‘मला वाटत नाही’ म्हटले की तेच क्रियापद दुसरे रूप घेते. म्हणजे त्या भाषेत मतभेद हा नुसता मनाचा व्यापार राहत नाही, तो व्याकरणात उतरतो.

मराठीत जन्मलेल्यांना असा पाठ कोणी देत नाही. हो आणि नाही म्हणायला शिकवायचे ते काय, असा आपला समज. आमचे म्हणणे असे की हा पाठ आपल्याला घरी, ओट्यावर, बाजारात उत्तम येत असतो. महाविद्यालयात आणि साहित्याच्या व्यासपीठावर पाऊल टाकताच तो आपण विसरतो. त्याची किंमत आपली समीक्षा मोजते आहे.

आधी घरातले पाहू. मराठीच्या नकाराला एकच शब्द पुरत नाही. ‘आहे’ला ‘नाही’, ‘होय’ला ‘नव्हे’, ‘हवे’ला ‘नको’, आणि रीतीभातीचा प्रश्न आला की ‘नये’. अस्तित्व नाकारणे, ओळख नाकारणे, इच्छा नाकारणे आणि औचित्य नाकारणे या चार निरनिराळ्या कृती आहेत, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. होकाराचेही तसेच. ‘हो’ म्हणजे होकार, पण ‘हो?’ म्हणजे शंका आणि ‘हो का!’ म्हणजे बहुधा अविश्वास. ‘बरं’ ही नुसती पोच असते. ऐकले एवढाच तिचा अर्थ, पटले असा नव्हे. ‘तू गेला नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘हो, नाही गेलो’ असे उत्तर देणारा मराठी माणूस त्या ‘हो’ने समोरच्याच्या अंदाजाला दुजोरा देत असतो. उलट, ‘नाही, बरोबर आहे तुमचं’ अशी पूर्ण सहमतीची सुरुवातही आपण ‘नाही’ने करतो आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोलीत या छटा आणखी वाढतात. ‘हव’ हा साधा होकार. ‘मंग काय!’ हा मन:पूर्वक होकार. ‘काहून बा?’ हा प्रश्न वाटतो, पण तो आक्षेप असतो : तुझ्या म्हणण्याला आधार काय, ते सांग. ‘कायचं बा!’ हा निकाल असतो. आणि या सर्वांत आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते एक उत्तर : ‘तुमी म्हनता त असन बा.’ तुम्ही म्हणता तर असेल. वरवर पाहता ही शरणागती आहे. पण नीट ऐकले तर बोलणाऱ्याने त्या विधानाची सगळी जबाबदारी समोरच्यावर सोपवलेली असते. हे तुमचे म्हणणे, त्याचा भार तुमच्याच खांद्यावर. मी माझ्या जागेवरून हललेलो नाही. त्यात अपमान नाही, भांडण नाही, पण संमतीही नाही. शेवटचा ‘बा’ नाते शाबूत ठेवतो.

कापसाच्या गावातला एक नेहमीचा संवाद घ्या. एक म्हणतो, ‘यंदा कापूस बरा पिकन.’ दुसरा म्हणतो, ‘पिकन बा, भाव भेटला त.’ पिकण्याचा आणि भावाचा तर्काने काही संबंध नाही. दुसऱ्याने पहिल्याचे क्रियापद जसेच्या तसे उचलून होकार दिला आणि त्याला एक अट जोडून त्यातला आनंद काढून घेतला. मतभेदाचे इतके आटोपशीर वाक्य आम्हांला समीक्षेच्या ग्रंथांतही क्वचितच आढळते.

हीच मुले पदवीच्या वर्गात येतात तेव्हा काय होते? त्यांना प्रमाण मराठी लिहावी लागते, आणि ती त्यांना ज्या स्वरूपात मिळते त्यात असहमतीची सोय जवळजवळ नसते. प्रश्नपत्रिकेची भाषाच पाहा. ‘अमुक कादंबरी ही प्रादेशिक कादंबरी आहे, हे सोदाहरण स्पष्ट करा.’ या प्रश्नाने विद्यार्थ्याची संमती आधीच गृहीत धरली आहे. त्याच्याकडे उरते ती फक्त उदाहरणे गोळा करण्याची हमाली. ‘तुमचे मत लिहा’ असे विचारले तरी उत्तर येते, ‘सदर मताशी मी सहमत आहे.’ ‘सदर’ हा कचेरीतला शब्द आहे, आणि कचेरीत नागरिकाने मतभेद दाखवायचा नसतो, अर्ज करायचा असतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) वाचताना हा विद्यार्थी कौतिकचे वऱ्हाडी बोलणे कोणत्याही पुणेकर वाचकापेक्षा अधिक नेमके ऐकतो. कोणत्या ‘हव’मध्ये होकार आहे आणि कोणत्या ‘हव’मध्ये थकवा आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. पण उत्तरपत्रिकेत तो लिहितो, ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे प्रत्ययकारी चित्रण केले आहे.’ जे त्याने ऐकले ते लिहिण्याची भाषा त्याच्या हातात कोणी दिलेली नाही. बोलीतले ‘असन’ खोडून त्या जागी ‘असेल’ लिहिले की शुद्धलेखन सुधारते. त्या ‘असन’मागची साशंक, स्वतंत्र नजर मात्र त्याबरोबरच पुसली जाते.

हे केवळ वर्गापुरते असते तर आम्ही इतके लिहिले नसते. साहित्यव्यवहारालाच मतभेदाच्या मधल्या पायऱ्या उरलेल्या नाहीत. याच जिल्ह्याने ते जवळून पाहिले आहे. ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळला झाले. अध्यक्षपदी अरुणा ढेरे यांची निवड निवडणुकीशिवाय झाली होती. सहमतीचा हा नवा पायंडा म्हणून त्याचे स्वागतही झाले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजी लेखिका उद्घाटनाला कशाला, असा आक्षेप निघाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि निमंत्रण मागे घेण्यात आले. मग अनेक लेखकांनी बहिष्कार घातला, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला, आणि सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत भाषांतरित होऊन सर्वत्र वाचले गेले. अध्यक्षीय भाषणात अरुणा ढेरे यांनी घडल्या प्रकाराविषयी नापसंती नोंदवली. धमकी, माघार, बहिष्कार, राजीनामा, नापसंती. या यादीत एकमेकांशी बोलणे कोठे आहे?

सहगल यांच्या जागी उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. यवतमाळ जिल्ह्यात राजूर नावाची दोन गावे आहेत. वणी तालुक्यातले कोळशाच्या खाणींचे राजूर बहुतेकांना ठाऊक असते. कळंब तालुक्यातले राजूर साहित्यव्यवहाराला माहीत झाले ते या निमित्ताने. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, अंगणवाडीत काम करणारी, ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभी राहिलेली ही स्त्री त्या मंचावर आली. वाद मिटवण्याकरिता तिला पुढे केले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे होते. अडचणीच्या वेळी दिल्लीतली नव्हे, गल्लीतली बाईच कामी येते, अशा आशयाचे त्यांचे वाक्य पुष्कळांच्या स्मरणात राहिले आहे. हे वाक्य कोणाच्या बाजूचे? आयोजकांना ते आपल्या बाजूचे वाटू शकते. पण ज्या व्यासपीठाला गल्लीतल्या बाईची आठवण दिल्लीची पाहुणी नाकारल्यावरच झाली, त्या व्यासपीठालाही ते वाक्य लागू पडते. पुढे त्या बोलल्या ते विधवेच्या वाट्याला येणाऱ्या जगण्याविषयी आणि ते वाट्याला आणणाऱ्या व्यवस्थेविषयी. निमंत्रणाला होकार आणि निमंत्रकांच्या सोयीला नकार, असे ते बोलणे आम्ही वाचतो. ‘पिकन बा, भाव भेटला त’ याच्याच घडणीचे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘असन बा’ ही दुबळ्याची भाषा आहे; पाटलापुढे, सावकारापुढे, साहेबापुढे उभे राहून ती घडली; तिचे कौतुक म्हणजे लाचारीचे कौतुक. आक्षेपात इतिहास खरा आहे. म्हणूनच स्पष्ट नकाराची आपली परंपराही विसरता कामा नये. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले, पण नुसते नाकारले नाही. का येत नाही ते पत्राने सविस्तर कळवले. त्याआधी तीन वर्षे, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषी नीतिशास्त्राला तोंडावर उत्तर दिले, आणि त्या पुस्तकाचा जोर बोलीतल्या भांडणाचाच आहे. तिथे वाचकाला समोर बसवून प्रश्न विचारले आहेत. म्हणजे ‘असन बा’ आणि ताराबाईंचा सवाल यांत आम्हांला एक समान धागा दिसतो : दोन्हींत समोरचा माणूस शिल्लक राहतो. निमंत्रण परत घेताना तो उरत नाही; ‘सदर मताशी सहमत’ असे लिहितानाही उरत नाही, कारण तिथे लिहिणाराच गैरहजर असतो.

तेव्हा आमचे मागणे लहान आहे. मराठीच्या वर्गात एक पाठ असावा : मतभेद कसा बोलावा आणि कसा लिहावा. त्याचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या घरीच आहे. ‘काहून’ आणि ‘कायचं’ यांत फरक कोणता, ‘बरं’ने कोणते वचन दिले जात नाही, अट घालून होकार कसा द्यावा, हे त्यांनीच एकमेकांना आणि आपल्याला शिकवावे. मग त्यातले काय प्रमाण लेखनात जसेच्या तसे नेता येते आणि कशासाठी नवी वाक्यरचना घडवावी लागते, हे अध्यापकांनी त्यांच्याबरोबर बसून पाहावे. आणि प्रश्नपत्रिकेत ‘स्पष्ट करा’च्या जागी अधूनमधून ‘हे विधान तुम्हांला पटते का, न पटल्यास का’ असे विचारावे. उत्तरे तपासायला वेळ अधिक लागेल. गुण कसे द्यावेत याचा निर्णय अवघड होईल, आणि काही विद्यार्थी आपल्यालाच खोडून काढतील.

आमचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी ‘सदर’ वगैरे शब्द बाजूला ठेवून सरळ ‘काहून बा?’ असे विचारावे. त्याचे उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत.