वीस पटीचा सौदा

या खेपेला एका ताईंचे पत्र आले आहे. धाकट्या दिरांनी सोयाबीनच्या पट्टीतले १०,००० रुपये मोबाईलवरच्या बिटकॉइनच्या सौद्यात घातले. “वीस पट लिव्हरेज आहे, पण स्टॉप लॉस लावलाय वहिनी, भिऊ नका,” असे ते म्हणतात. रब्बीच्या बियाण्याचे पैसे त्यातच आहेत. भ्यावे की न भ्यावे, असे ताई विचारतात.

माल अडत्याकडे उतरवून आपण गावी परतलो, असे धरा. ‘आजच्या भावाने काढून टाका’ हा निरोप म्हणजे मार्केट ऑर्डर. ‘५,००० च्या खाली देऊ नका’ ही लिमिट ऑर्डर. ‘भाव उतरून ४,८०० ला आला, की मिळेल त्या भावाने विका’ हा झाला स्टॉप लॉस. पुष्कळांची गफलत होते ती इथेच. ४,८०० ही विकायला लागण्याची खूण आहे, तेवढे पैसे हाती पडतील ही हमी नव्हे. गिऱ्हाईकच ४,६०० ला उभे असेल तर माल ४,६०० लाच जाणार. म्हणून काही जण स्टॉप लिमिट लावतात : ‘४,८०० ला विकायला काढा, पण ४,७५० च्या खाली नको.’ मग भाव एकदम ४,६०० वर आपटला, तर माल तसाच पडून राहतो आणि उतार चालूच. ट्रेलिंग स्टॉपमध्ये भाव चढेल तशी खूण मागोमाग वर सरकते, उतरताना हलत नाही. सोय बरी आहे, पण जरा हेलकावा बसला तरी माल बाहेर पडतो.

आता वीस पट. पैसे आपले १०,००० आणि सौदा २ लाखांचा. भाव पाच टक्के चढला की दहाचे वीस हजार. दिरांना तेवढेच दिसते. पाच टक्के उतरला की दहा हजार साफ. खरे तर त्याच्याही आधी, कारण तारण ठरावीक मर्यादेखाली गेले की पेढीचे यंत्र सौदा आपोआप मोडते. सोसायटी थकबाकीदाराला नोटीस तरी धाडते! पुढे भाव परत वर आला तरी मोडलेला सौदा काही जुळत नाही. स्वतःच्या पैशाने नाणे घेणारा निदान थांबू शकतो. शिवाय मुदत नसलेल्या सौद्यात बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी तेजीवाल्याने मंदीवाल्याला, कधी उलट, पैसे द्यायचे असतात. दर ०.०१ टक्का असला तरी तो २ लाखांवर लागतो. दिवसाला ६० रुपये, महिन्याला १,८००.

हा बाजार रात्रीही मिटत नाही. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के जकात जाहीर केली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्या दिवशी १,२२,००० डॉलरच्या आसपास असलेले बिटकॉइन १,०५,००० च्या खाली गेले. काही लहान नाणी तर काही मिनिटांत निम्म्याहून खाली. एका दिवसात सुमारे १,९०० कोटी डॉलरचे उसनवारीचे सौदे मोडले गेले, सोळा लाखांवर खाती त्यात सापडली. बहुतेकांना ते सकाळी उठल्यावर कळले असेल.

स्टॉप लॉस लावणारा दीर न लावणाऱ्यापेक्षा शहाणा, हे मी कबूल करतो. पण ताई, त्यांना एवढे विचाराच : तारण ‘आयसोलेटेड’ आहे की ‘क्रॉस’? पहिल्यात त्या एका सौद्यापुरतेच जाते. दुसऱ्यात खात्यातली बाकी सगळी रक्कम ओढली जाते, जसा एका गटाऐवजी सगळ्या जमिनीवर बोजा चढावा. आणि बियाण्याचे पैसे आजच बाहेर काढून घ्या. उरलेल्या पैशांवर वीसऐवजी दोन पट सौदा केला तर काय होईल, याचा हिशेब त्यांनाच कागदावर मांडायला सांगा. काय निघाले ते कळवा.