आखाजीपर्यंत थांब!

धामणगाव बढेकर मंडळी, हे तुम्हालाच उद्देशून आहे. मोताळा तालुक्यातल्या बाकीच्यांनी आणि मलकापूर-बुलढाण्याच्या शहाण्यांनीही ऐकायला हरकत नाही.

पेरणीच्या तोंडावर रात्री अकराला ट्रॅक्टरचा हूक तुटतो. तुम्ही वेल्डिंगवाल्याचे दार वाजवता. तो ताटावरून उठतो, शटर वर करतो, मशीन लावतो, पायावर पडलेली ठिणगी झटकून टाका भरतो. किती झाले, हे न विचारताच तुम्ही म्हणता, "लिहून ठेव रे, कापूस निघू दे." कापूस निघतो, मलकापूरला जातो, पैसे हाती येतात. त्यातून पहिला भरला जातो ट्रॅक्टरचा हप्ता. नाही भरला तर फायनान्सवाला ट्रॅक्टर ओढून नेईल ना! मग मांडव, डीजे, आहेर. वेल्डिंगवाल्याला निरोप जातो, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांब. जो ओढून नेतो त्याला भ्यायचे आणि जो मध्यरात्री उठून येतो त्याला टाळायचे! ज्याचे पीक पावसाने नेले, ज्याच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही, त्याला माझा एक शब्दही लागू नाही. मी बोलतो आहे ते हातात पैसा असून नजर चुकवणाऱ्यांबद्दल.

किराणावाल्याची लाल वही बघा. साखर दोन किलो, तेल एक, चहापत्ती, पोराच्या हाती बिस्किटपुडा; समोर रक्कम, खाली 'मागील बाकी'. ही मागील बाकी पानामागून पान पुढे सरकत जाते. त्याला ठोक व्यापारी माल देतो तो रोखीने किंवा आठवड्याच्या वायद्यावर. म्हणजे त्याचे भांडवल कुठे आहे? तुमच्या पोटात. आणि हातात नोट आली की तीच नोट घेऊन तुम्ही शहरातल्या चकचकीत दुकानात जाता, नाहीतर मोबाइलवरून माल मागवता. तिथे मात्र "लिहून ठेवा" म्हणण्याची छाती होत नाही. 2006 च्या कायद्याने बजावले आहे की सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे खरेदीदाराने फार तर 45 दिवसांत द्यावेत. गावच्या वहीपर्यंत तो कायदा पोचत नाही. तिथे फक्त तुमची लाज चालायला हवी होती.

2015-16 च्या सरकारी पाहणीत देशात असे 6 कोटी 33 लाख उद्योग मोजले गेले. त्यांवर 11 कोटींहून अधिक माणसे जगत होती. निम्म्याहून जास्त उद्योग खेड्यांत, आणि जवळजवळ सगळेच अगदी लहान. सभांमधून यांना अर्थव्यवस्थेचा कणा म्हणतात. कणा म्हणायचे आणि त्याच्यावरच बसायचे, ही आपली रीत.

सोयरीक जुळवताना तर कहरच. "पोरगं काय करते?" "सोताचं गॅरेज हाय." "म्हंजे नोकरी नाही?" संपले बोलणे. चार पोरांना कामाला लावणारा नापास, आणि कुठल्याशा कार्यालयात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर फायली उचलणारा पास! पुन्हा हेच बाप पारावर बसून म्हणणार, पोरं बेकार फिरतात, सरकार काही करत नाही.

याहून खोलवर रुजलेला एक रोग आहे, जातीचा. 1918 मध्ये डॉ. आंबेडकरांनी शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला. जमिनीवर फार माणसे लटकली आहेत, त्यांना उद्योगांत न्या, हे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली. सल्ल्यात खोट नव्हती, खोट गिऱ्हाइकांच्या मनात होती. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, हेही 11 एप्रिलला त्यांच्या जयंतीला हार घालताना कुणाला आठवत नाही. छातीवर हात ठेवून सांगा: ज्या वस्तीत तुम्ही पाणी प्यायला कचरता, तिथल्या पोराने चौकात चहाचे हॉटेल टाकले तर बाकडी भरतील का? त्याच्या डेअरीतले दूध तुमच्या देवघरात चालेल का? नसेल चालत, तर 14 एप्रिलच्या मिरवणुकीत नाचू नका.

कुणी म्हणेल, दुकानदार तरी कुठे साधू आहेत? उधारीच्या गिऱ्हाइकाला चढा भाव लावतात. लावतात, खरे आहे, आणि माप मारणारेही असतात. त्यांना चारचौघांत जाब विचारा. पण बुडव्यांची बाकी भरून काढायला चढवलेला तो भाव रोजंदारीवरच्या बाईच्या माथी पडतो, हेही ऐकून घ्या. रोजच्या मजुरीतून तेलाची पुडी नेणारी ती, आणि बागायतदाराची बाकी फेडणारीही तीच.

या वर्षी आखाजीच्या आधी दुकानात जा. वही मागा, आपले पान काढा, मोठ्याने वाचा आणि पैसे मोजा. पान जीर्ण होऊन फाटले असेल तर अडू नका, आकडा तुम्हाला पाठ आहेच.